घोड्याला न दाखवलेला पेपर

मैत्रिणींनो, घोडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? वरातीतला नवरदेवाचा घोडा, नाही तर माथेरानच्या तांबड्या मातीतली रपेट. फार तर महालक्ष्मीच्या शर्यतींची वर्तमानपत्रातली बातमी. ऑलिम्पिकच्या दिवसांत टीव्हीवर कधी घोडेस्वारी लागलीच, तर घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "हे काय लावलंय? हॉकी लाव!"

पण या घोडेस्वारीत एक प्रकार असा आहे, की त्यातली मेख एकदा कळली म्हणजे तुम्हीच म्हणाल, "थांबा, हॉकी नंतर!" त्याचं नाव इव्हेंटिंग. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. इथे बायकांची स्पर्धा वेगळी नाही नि पुरुषांची वेगळी नाही. एकच मैदान, एकच घड्याळ, एकच पदक.

तीन परीक्षा, एक निकाल

एकाच घोड्याने आणि एकाच स्वाराने तीन परीक्षा द्यायच्या. पहिली ड्रेसाज, म्हणजे शिस्त आणि डौल. दुसरी क्रॉस कंट्री, म्हणजे रानावनातून, चढउतारांवरून, पाण्यातून धाव. तिसरी शो जंपिंग, म्हणजे धक्का लागला तर पडणाऱ्या दांड्यांवरून उड्या. तिन्हींत दंडाचे गुण मोजतात. ज्याचा दंड सगळ्यांत कमी, तो पहिला.

खरा जीव मुठीत धरून पाहायची ती मधली परीक्षा. मोठ्या स्पर्धांत मिनिटाला ५७० मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३४ किलोमीटर वेगाने जायचं. वाटेत ओंडके, खंदक, बांध, तळी. अडथळे भक्कम, सहजी न पडणारे. त्यांची उंची १ मीटर २० सेंटिमीटरपर्यंत, आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याहून फूटभर जास्तच.

आता हिशेब बघा. महिन्याचा खर्च सांभाळणाऱ्या आपल्याला तो चटकन कळेल. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला, तर दर सेकंदाला ०.४ दंड. घोडा अडथळ्यापुढे अडला किंवा बाजूने निसटला, तर २०. म्हणजे एक नकार आणि ५० सेकंदांचा उशीर यांची किंमत सारखीच! स्वार खाली पडला तर मात्र स्पर्धाच संपली. अवघड अडथळ्यांपाशी बहुधा दोन वाटा ठेवतात: एक सरळ, जवळची पण कठीण, दुसरी वळशाची, सोपी पण वेळखाऊ. वळशाला दहा सेकंद लागले तर ४ गुण गेले. सरळ वाटेने २० जाण्याची धास्ती घ्यायची, की गपचूप ४ मोजून पुढे जायचं? हा निर्णय घोड्यावर बसून घेता येत नाही. तो आदल्या दिवशीच करावा लागतो.

पेपर काढणारा आणि ओळखणारा

मी आठवड्यातून काही तास शाळेत शिकवते, त्यामुळे पेपर काढणं माझ्या ओळखीचं आहे. चांगला पेपर कसा असतो? पहिले दोन प्रश्न धीर देणारे, मधे कस पाहणारे, आणि मुलं दमली की शेवटी एक साधा दिसणारा पण फसवा प्रश्न. क्रॉस कंट्रीचा मार्ग आखणारेही अगदी हेच करतात. म्हणून जाणकार मंडळी आधी विचारतात, "मार्ग कुणी आखलाय?" प्रत्येकाची एक खोड असते. कुणाला अरुंद अडथळे आवडतात, तर कुणाला उतार.

स्वाराला हा पेपर आधी बघायला मिळतो, पण पायी. वही घेऊन, पावलं मोजत तो सगळा मार्ग तीन-चारदा तुडवतो. घोड्याला मात्र एकही अडथळा आधी दाखवायचा नाही, असा सक्त नियम आहे. दाखवला तर स्पर्धेतून बाद! म्हणजे पेपर ओळखायचा एकाने आणि लिहायचा दुसऱ्याने, तोही कोरा. म्हणून स्वाराचा अंदाज चुकला की त्याची शिक्षा त्या मुक्या जिवालाही होते.

अंदाज बांधायचा कसा?

पायी फिरताना स्वार काय काय बघतो, ते समजून घेतलं तर आपल्यालाही घरबसल्या अंदाज बांधता येतो.

१. जमीन : उतारावर घोड्याची ढांग लांबते, चढावर आखडते, पाण्यात तर वेगच मोडतो. तेव्हा अडथळा किती उंच, यापेक्षा तो कुठे उभा आहे, हे आधी बघायचं. उताराच्या पायथ्याशी असलेला बुटका ओंडकासुद्धा सपाटीवरच्या मोठ्या कुंपणापेक्षा अवघड जातो. पाऊस पडून माती निसरडी झाली तर कालचा सगळा हिशेब पुन्हा मांडायचा.

२. अंतर : स्वार तीन-तीन फुटांची पावलं टाकत मोजतो. अशी चार पावलं म्हणजे घोड्याची एक ढांग, साधारण १२ फूट. एका उडीतून खाली टेकायला दोन पावलं धरायची, पुढच्या उडीसाठी उठायला दोन. म्हणजे दोन अडथळ्यांमध्ये आठ पावलं भरली तर मधे एक ढांग, बारा भरली तर दोन. आणि दहा भरली तर? ना धड एक, ना धड दोन! इथेच पेपर काढणाऱ्याने पाचर मारून ठेवलेली असते. घोड्याला आवरून घ्यायचं की पुढे रेटायचं, हे आधीच ठरवावं लागतं.

३. उजेड आणि रंग : घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. लाल आणि हिरवा यांतला फरक त्याला आपल्यासारखा कळत नाही; निळा आणि पिवळा चांगला कळतो. उन्हातून एकदम सावलीत शिरलं की त्याची नजर स्थिरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. झाडीच्या तोंडाशी अडथळा दिसला की समजा, प्रश्न मुद्दाम टाकलाय. आपला घोडा कितव्या क्रमांकावर धावणार आणि त्या वेळी सावली कुठे पडेल, हेही स्वार बघून ठेवतो.

४. आकार : अरुंद अडथळ्याच्या बाजूने घोड्याला सहज निसटता येतं. त्रिकोणी कोपऱ्याचा अडथळा तर महाबिलंदर. टोकाजवळून जावं तर घोडा बाहेर सटकतो, आत सरकावं तर रुंदी झेपत नाही. खंदकाच्या अलीकडे एक कुंपण, पलीकडे दुसरं, असाही एक जुना प्रकार आहे. पहिलं कुंपण पार करेपर्यंत घोड्याला खाली खड्डा आहे हे नीटसं दिसतच नाही.

५. क्रम : तोच अडथळा तिसरा असला तर सोपा, चोविसावा असला तर कठीण. दमलेला घोडा पाय नीट उचलत नाही आणि दमलेला स्वार नीट विचार करत नाही.

व्हर्सायचा निकाल

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ही धाव २८ जुलैला व्हर्सायच्या राजवाड्याच्या उद्यानात झाली. चौदाव्या लुईच्या काळात खोदलेल्या मोठ्या कालव्याच्या परिसरातला हा मार्ग पिएर ल गूपिल यांनी आखला होता. लांबी पाच किलोमीटरांहून थोडी जास्त, वेळ ९ मिनिटं २ सेकंद.

ब्रिटनची लॉरा कॉलेट ड्रेसाजमध्ये १७.५ दंडगुण घेऊन आघाडीवर होती. तिच्यामागे जर्मनीचा मिखाएल युंग, १७.८. क्रॉस कंट्रीत लॉराचा घोडा लंडन ५२ कुठे अडला नाही की अडखळला नाही, पण दोन सेकंद उशिरा आला. दोन सेकंद म्हणजे ०.८. तेवढ्याने आघाडी गेली! युंग वेळेत पोहोचला आणि शेवटी सुवर्णपदकही त्यालाच मिळालं. लॉराला कांस्य मिळालं.

तिच्याच संघातली रॉस कँटर म्हणजे २०१८ ची जगज्जेती. प्रत्येक अडथळ्याला उजवीकडे लाल आणि डावीकडे पांढरी झेंडी असते. घोड्याने त्या दोहोंच्या मधूनच जायला हवं. तिथे चूक झाली आणि तिला १५ दंडगुण पडले. ब्रिटनच्या संघाने सुवर्ण जिंकलं खरं, पण तिची वैयक्तिक पदकाची आशा तिथेच मावळली.

टोकियो, दोनदा

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ १९१२ साली सुरू झाला तो लष्करी अधिकाऱ्यांसाठी. स्त्रियांना यात प्रवेश मिळायला १९६४ साल उजाडलं. त्या वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेची लाना ड्यू पाँ ही या खेळात उतरलेली पहिली स्त्री ठरली. क्रॉस कंट्रीत ती घोड्यासह दोनदा पडली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पुन्हा स्वार होता येत असे. ती दोन्ही वेळा उठली आणि मार्ग पुरा केला. अमेरिकेच्या संघाला रौप्यपदक मिळालं.

कोरोनामुळे वर्षभर लांबलेलं ऑलिम्पिक २०२१ साली त्याच टोकियोत भरलं आणि जर्मनीची युलिया क्रायेव्स्की या खेळात वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी पहिली स्त्री ठरली. तिचा आधीचा घोडा डोळा गमावल्यामुळे त्याच वर्षी निवृत्त झाला होता, म्हणून अमांद नावाच्या घोडीला घेऊन ती आली होती. पहिल्या प्रवेशापासून पहिल्या सुवर्णापर्यंत सत्तावन्न वर्षं!

उन्हाच्या धास्तीने त्या वेळी मार्ग साडेचार किलोमीटरांच्या आत ठेवला होता आणि धाव सकाळी घेतली होती. बंगळूरचा आपला फवाद मिर्झा तिथे होता. लाडाने 'मिकी' म्हटल्या जाणाऱ्या सेन्यर मेडिकॉट या घोड्यावर त्याने एकही नकार न येता मार्ग पार केला. उशीर २८ सेकंदांचा, दंड ११.२०. अंतिम फेरी गाठून तो तेविसावा आला. वर सांगितलेला मिखाएल युंग त्या वेळीही ड्रेसाजनंतर आघाडीवर होता. पण धक्का जोरात लागला तर सुटणारी एक सुरक्षेची खीळ त्याच्या घोड्याच्या पायाने सुटली आणि ११ दंडगुण बसले. पदक हुकलं. तीन वर्षांनी त्याच घोड्यावर, चिपमंकवर, त्याने व्हर्साय जिंकलं.

ही खीळ उगाच आलेली नाही. १९९९ साली ब्रिटनमध्ये एकाच मोसमात पाच स्वारांचे प्राण गेले आणि सुरक्षेचा विचार नव्याने सुरू झाला. टोकियोत २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या जेट सेट या घोड्याच्या पायाला इतकी गंभीर दुखापत झाली, की त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं. म्हणून चांगला स्वार पेपर ओळखताना आणखी एक गोष्ट मनाशी ठरवून ठेवतो: घोडा दमला, पाय ओढू लागला, तर आपण कुठे थांबायचं.

पुढच्या वेळी पाहताना

२०२८ साली लॉस एंजेलिसचं ऑलिम्पिक येईल, तेव्हा टीव्हीपुढे बसताना एवढं करून बघा. पहिले तीन-चार घोडे जाऊ द्या. कुठे अडतात, कुठे वळशाची वाट घेतात, ते कागदावर टिपा. अडथळ्याच्या उंचीकडे बघू नका; जमीन, सावली आणि दोन अडथळ्यांमधलं अंतर बघा. घड्याळावर नजर ठेवा आणि सेकंदाला ०.४ चा हिशेब करा. मग पुढचा घोडा मैदानात उतरला की घरच्यांना सांगा, "हा आता तिथे वळसा घेईल."

अंदाज बरोबर आला तर घरातलं कुणी हॉकीचं नाव काढणार नाही. आणि चुकला तर घोड्याचे कान बघा. अडथळ्याकडे टवकारलेले कान म्हणजे त्याला प्रश्न कळलाय, उत्तर तो स्वतःच देणार आहे!