विहिरीपर्यंत गेलेलं गणित

२०२५ मध्ये मोबाइलवर पुन्हा आलेख फिरू लागले. मे महिन्यात कोविडचे आकडे जरा वर सरकले आणि घंटेच्या आकाराचे ते ओळखीचे वक्र परत आले. शिखर कधी आणि उतार कधी, हे तारखेसकट सांगणारे उत्साही लोकही आले. त्याच महिन्यात, २० मे रोजी, जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेनं महासाथ करार मंजूर केला, त्यामुळे ‘पुढची साथ’ हा विषय चर्चेत होताच. कराराबद्दल इतरत्र भरपूर लिहून आलंय. इथे बोलायचंय ते त्या वक्राबद्दल, कारण तो मूळचा मुंबईचा आहे.

१९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध छापून आला. लेखक दोघे, दोघेही एडिनबरातल्या एकाच प्रयोगशाळेतले. विल्यम केरमॅक हा जीवरसायनशास्त्रज्ञ. प्रयोग करताना झालेल्या स्फोटात १९२४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याची दृष्टी गेली होती. म्हणजे ही समीकरणं त्यानं कागदाकडे न पाहता, डोक्यातच मांडली. दुसरा अँडरसन मॅकेंड्रिक हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये वर्षं काढून परतलेला आणि मलेरियावाल्या रोनाल्ड रॉसच्या तालमीत गणिताची गोडी लागलेला. लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि साथीतून बाहेर पडलेले (बरे होऊन किंवा मरून) असे लोकसंख्येचे तीन गट पाडायचे आणि माणसं एका गटातून दुसऱ्यात किती वेगानं जातात ते लिहायचं, ही त्यांची मांडणी. २०२० मध्ये आपण सगळ्यांनी ती इतकी ऐकली की पुन्हा समजावत बसत नाही. एवढंच सांगतो की तिचा गाभा रसायनशास्त्रातून आलाय. भांड्यातले रेणू जसे एकमेकांवर आदळतात आणि अभिक्रिया घडते, तशी शहरातली माणसं एकमेकांना भेटतात आणि रोग पसरतो, असं ते गणित गृहीत धरतं.

निबंधात प्रत्यक्ष साथीचा आलेख एकच आहे. मुंबई बेटावरचे प्लेगचे मृत्यू, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, आठवड्यागणिक. ठिपके म्हणजे खरे आकडे, रेघ म्हणजे सूत्र. रेघेचं शिखर आठवड्याला ८९० मृत्यूंचं, एप्रिलच्या मध्यावर. ठिपके रेघेवर असे बसलेत की बघणाऱ्याला बरं वाटावं. साथींच्या गणिताची पाठ्यपुस्तकं जवळजवळ शतकभर हा आलेख दाखवत आली आहेत.

आता पेन्सिल घ्या. त्या रेघेखालची बेरीज सुमारे ८,९०० मृत्यू इतकी येते. मुंबईची लोकसंख्या तेव्हा दहा लाखांच्या आसपास होती. म्हणजे शंभरात एकही माणूस गेला नाही आणि साथ ओसरली. पण या गणितात साथ ओसरायला कारण एकच असतं, लागण होण्याजोगी माणसं कमी पडणं. दहा लाखांच्या शहरात जेमतेम नऊ हजार गेल्यावरच माणसं कमी पडायची असतील, तर एक रुग्ण सरासरी एकापेक्षा केसभरच जास्त माणसांना रोग देत असला पाहिजे. उलट त्याच रेघेनुसार सुरुवातीला मृत्यू दर आठवड्याला जवळपास दीडपट होत होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठरवायच्या, तर प्लेगचा रुग्ण फक्त दोनेक तास संसर्गजन्य असतो असं मानावं लागतं! नाहीतर लाखो मुंबईकरांना प्लेग होऊच शकत नव्हता, असं तरी म्हणावं लागतं.

वक्र जुळला होता, कारण चुकलं होतं. निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञानं २०१२ मध्ये हे सविस्तर दाखवून दिलं. प्लेग मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात उघड झाला (तो ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे गोव्याचे) आणि पुढे वर्षानुवर्षं हिवाळ्यात चढायचा, उन्हाळ्यात शिखर गाठायचा, पावसाच्या तोंडाशी उतरायचा. दरवर्षी त्याच सुमारास माणसं ‘कमी पडतात’ हे पटण्यासारखं नाही. खरा खेळ उंदीर, पिसवा आणि हवामानाचा होता. परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेग संशोधन आयोगाची माणसं १९०५ पासून नेमकं हेच तपासत होती. रोज शहरभरचे उंदीर पकडून त्यांची चिरफाड करायची, प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर किती पिसवा चढतात ते मोजायचं. त्यांना क्रमही सापडला होता. आधी गटारांतले मोठे उंदीर मरतात, मग घरातले, आणि त्यानंतर माणसं. हा क्रम शिकायला महाराष्ट्रातल्या खेड्यांना आयोगाची गरज नव्हती. उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून रानात झोपड्या घालत.

केरमॅक-मॅकेंड्रिक यांना हे माहीत नव्हतं असं नाही. माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या साथीची सावली आहे, हे त्यांनी निबंधातच कबूल केलंय आणि आपल्या आकड्यांवर फार विसंबू नका असंही बजावलंय. नंतरच्या पुस्तकांनी आलेख उचलला आणि ही तळटीप गाळली. माझा राग आहे तो या गाळणाऱ्यांवर.

कारण याच मॅकेंड्रिकचं एक वर्ष आधीचं काम पाहा. माझ्या मते ते त्या प्रसिद्ध निबंधापेक्षा सरस आहे, आणि वैद्यकशाळेत ते क्वचितच कुणी शिकवतं. हिंदुस्थानातल्या एका गावात कॉलरा झाला होता. घरं २२३. त्यांपैकी १६८ घरांत एकही रुग्ण नाही, ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार. एवढीच माहिती. मॅकेंड्रिकनं रुग्ण असलेल्या घरांतल्या आकड्यांचा चढउतार पाहिला आणि विचारलं, रोगाची झळ सगळ्या गावाला सारखी बसत असती, तर रिकामी घरं किती असायला हवी होती? उत्तर आलं, सदतीसच्या आसपास. प्रत्यक्षात १६८. म्हणजे उरलेली सव्वाशेहून अधिक घरं नशिबानं वाचलेली नाहीत, ती धोक्यात आलीच नव्हती. धोक्यातली घरं ९३. यावरून त्यानं अंदाज केला की रोग पाण्यातून आलाय, गावात विहिरी एकाहून जास्त आहेत आणि या ९३ घरांचं पाणी एकाच दूषित विहिरीचं आहे. गावात चौकशी केली तेव्हा तसंच निघालं.

पाच आकड्यांवरून विहीर! इथे सूत्रानं उत्तर दिलं नाही, कुठे जाऊन पाहायचं ते सांगितलं. आणि मग कुणीतरी गेलं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गिया बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा बहुतेक रुग्ण नांदेड गावातल्या मोठ्या विहिरीच्या आसपासचे आहेत हे लक्षात येणं हीदेखील त्याच जातीची कामगिरी होती. तिला फार गणित लागलं नाही, पत्ते लागले.

२०२० मध्ये मात्र पत्त्यांपेक्षा वक्रांना भाव आला. गणितज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ सगळेच साथीच्या मागे लागले, आणि ते वाईट झालं असं मला वाटत नाही. भौतिकशास्त्रवाल्यांकडे सांगण्यासारखं होतं. पास्तोर-सातोरास आणि वेस्पिन्यानी या दोघांनी २००१ मध्येच दाखवलं होतं की काही थोड्या माणसांचे संपर्क अफाट असतील, तर ‘सरासरी माणूस’ धरून केलेला हिशेब कोसळतो. अर्थतज्ज्ञांचा आक्षेप आणखी जुना. शिकागोच्या रॉबर्ट ल्युकस यांनी १९७६ मध्ये बजावलं होतं की धोरण बदललं की माणसं आपलं वागणं बदलतात, म्हणून जुन्या आकड्यांवरून काढलेली सूत्रं नव्या धोरणाला लावू नका. साथीतही तेच. बातमी ऐकून लोक सरकारच्या आदेशाआधी घरात बसतात आणि आकडे उतरले की आदेश असतानाही बाहेर पडतात. रेणू वर्तमानपत्र वाचत नाहीत.

आपल्याकडे सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं की शिखर होऊन गेलंय, आणि नियम पाळले तर फेब्रुवारीअखेर साथ नावापुरती उरेल. ‘नियम पाळले तर’ ही अट मथळ्यांत मावली नाही. त्याच फेब्रुवारीत अमरावतीत रुग्ण वाढत होते आणि विदर्भात टाळेबंदी परतत होती. मेपर्यंत देशात दिवसाला चार लाखांवर रुग्ण नोंदले जात होते. मागचे ठिपके त्या गणितावर छान बसले होते. विषाणूचा नवा प्रकार, लग्नसराई आणि सुटलेले मास्क यांना मात्र त्यात जागा नव्हती.

याउलट जुलै २०२० मधलं मुंबईचं रक्ततपासणी सर्वेक्षण घ्या. महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून ते केलं. संघात गणितज्ञ होते, जीवशास्त्रज्ञ होते, शिकागोचे एक अर्थतज्ज्ञही होते. माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या भागांत सुमारे सात हजार लोकांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली आणि त्याच वॉर्डांतल्या इमारतींत १६ टक्के. ‘मुंबईची सरासरी’ नावाची गोष्ट अस्तित्वातच नव्हती. एका शहरात दोन साथी चालू होत्या आणि त्यांच्यामधली सीमा सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत होती. कुठल्याही अंदाजापेक्षा हे कामाचं होतं, आणि ते कळायला कुणीतरी पीपीई किट घालून गल्लीत शिरावं लागलं.

तर २०२५ मध्ये फिरलेले ते आलेख. त्यांतले सक्रिय रुग्ण म्हणजे ज्यांनी चाचणी केली तेवढेच, आणि सर्दी-खोकल्याला आज चाचणी करतो कोण? अशा आकड्यांवर कितीही सुबक रेघ बसवली तरी ती चाचणीकेंद्रांच्या गर्दीची रेघ असेल. सांडपाण्यातून विषाणू मोजण्याचं तंत्र पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं वापरून दाखवलंय. त्याला कुणी खोकत चाचणीला येण्याची वाट बघावी लागत नाही. महापालिकांनी हे आकडे वॉर्डनिहाय, दर आठवड्याला, कुणालाही वाचता येतील असे छापावेत. १९०६ मध्ये, संगणक नसताना, मुंबईत प्लेगनं किती माणसं गेली याचा आकडा आठवड्याच्या आठवड्याला नोंदला जात होता.