पंचांगावरचे नाव

शके १७९८ पासून, म्हणजे १८७६ पासून, काशीत एक नवे छापील पंचांग निघू लागले. पंचांगे काशीला नवी नव्हती; गल्लोगल्ली ज्योतिषी होते आणि त्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्यांचे करणग्रंथ होते. या पंचांगातले ग्रह मात्र इंग्रजांच्या ‘नॉटिकल अल्मनॅक’वरून घेतलेले होते. भर समुद्रात आपले जहाज कुठे आहे हे खलाशाला कळावे म्हणून ग्रीनिचच्या रेखावृत्तावर बेतलेली ही कोष्टके. त्यांच्या आधाराने आता काशीतल्या गृहस्थाची एकादशी ठरणार होती.

हे धाडस करणारे बापूदेव शास्त्री मूळचे नगर जिल्ह्यातल्या गोदाकाठचे. जन्म १८२१चा. शिक्षण नागपुरात झाले, तिथेच ढुंढिराज मिश्रांकडे त्यांनी ‘लीलावती’ आणि बीजगणिताचे पाठ घेतले. सीहोरचा इंग्रज अधिकारी लान्सेलॉट विल्किन्सन याने त्यांची हुशारी हेरली आणि त्यांना आपल्याकडे नेले. जोनाथन डंकनने १७९१ साली स्थापन केलेल्या काशीच्या संस्कृत पाठशाळेत ते १८४२ साली रेखागणित शिकवू लागले. भास्कराचार्यांना चलनकलनाची कल्पना होती, हे दाखवणारा त्यांचा लेख १८५८ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. १८६१ साली त्यांनी केलेले ‘सूर्यसिद्धांता’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांसाठी हिंदीत बीजगणितही लिहिले.

हा तपशील मुद्दाम दिला. पंचांगाच्या मुखपृष्ठावर बापूदेवांचे नाव होते आणि त्या नावामागे हे सगळे उभे होते. परकी कोष्टके आणि छापखाना ही दोन्ही नवी साधने होती. पण चूक निघाली तर कोणाच्या दारात जाऊन भांडायचे, हे विकत घेणाऱ्याला माहीत होते. आणि लोक भांडलेही. नव्या वेधांची पंचांगे की जुन्या ग्रंथांची, हा वाद महाराष्ट्रातही केरोपंत छत्र्यांच्या पटवर्धनी पंचांगापासून टिळकांपर्यंत गाजत राहिला. वाद घालण्यासाठी समोर माणूस होता, म्हणून तो घालता आला.

तंत्रज्ञानाने आपले रोजचे जगणे, शिकणे आणि एकमेकांशी बोलणे किती बदलले, याचा हिशोब बहुधा यंत्रांच्या नावांनी मांडला जातो: छापखाना, तार, रेडिओ, टीव्ही, मोबाइल. काशीचा आढावा घेताना मला दुसरी ओळ सापडते. प्रत्येक नव्या साधनाच्या मागे आपल्या नावाने कोण उभे राहिले, ती ओळ. तिच्यात मराठी नावे बरीच आहेत.

छापखान्याच्या कितीतरी आधी काशीत ज्ञान टिकवण्याचे एक अचूक तंत्र चालू होते आणि आजही आहे. ते म्हणजे वेदपाठ. संहितेतले शब्द सुटे करायचे ते पदपाठ. मग क्रमपाठ: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा, अशा जोड्या. जटेत प्रत्येक जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट. घनपाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. एकेक शब्द इतक्या वेळा, इतक्या शेजाऱ्यांसह येतो की एक अक्षर घसरले तरी पुढची घडी बसत नाही. आज संगणकात माहिती पाठवताना मूळ मजकुराबरोबर पडताळणीचे जादा अंक पाठवतात, त्यामागचा विचार हाच आहे. युनेस्कोने २००३ साली वेदपठणाच्या परंपरेला मानवतेचा मौखिक वारसा म्हणून गौरवले.

२०२५च्या अखेरीस अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या एकोणीस वर्षांच्या तरुणाने काशीच्या वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयात शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे दंडक्रम या अशाच एका पाठाचे पारायण पूर्ण केले. सुमारे दोन हजार मंत्र, पन्नास दिवस. पंतप्रधानांनी समाजमाध्यमावर कौतुक केले आणि त्याच्या पठणाचे व्हिडिओ मराठी घरांतल्या फोनवर पोहोचले. ज्यांनी ते बघितले त्यांतल्या फारच थोड्यांना पठण बरोबर आहे की चूक, हे सांगता आले असते. विद्यालयात मात्र ऐकणारा तयारीचा असतो आणि स्वर चुकला की तिथेच थांबवतो.

या परंपरेबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती बंद दारांची होती. बायकांना, बहुसंख्य जातींना तिथे प्रवेश नव्हता. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची आपली टीका काशीतच शके १४९५, म्हणजे १५७३ साली पूर्ण केली. परंपरा सांगते की प्राकृतात असे लिहिणे काशीच्या पंडितांना खपले नाही, आणि मग त्यांनीच ग्रंथाची मिरवणूक काढली. कथा जशी असेल तशी असो, लोकांच्या भाषेत ज्ञान आणणाऱ्याला आधी जाब विचारला जातो, हे तिच्यातले अगदी खरे आहे. नाथ तो जाब द्यायला तिथे हजर होते.

आता वर्तमानपत्र. १८४५ साली राजा शिवप्रसाद यांच्या प्रेरणेने ‘बनारस अखबार’ निघाला. त्याचे संपादक गोविंद रघुनाथ थत्ते. शिळाछापावर, हलक्या कागदावर छापलेले, लिपी नागरी आणि भाषा मात्र उर्दूकडे झुकलेली. सामान्य वाचकाला ते जड गेले आणि त्यावर टीकाही झाली. पण हिंदी प्रदेशातल्या एका आरंभीच्या नागरी वर्तमानपत्राच्या संपादकाचे आडनाव थत्ते असावे, हे आपल्याकडे क्वचितच कुणाला माहीत असते.

त्याहून मोठे नाव बाबूराव विष्णू पराडकरांचे. जन्म काशीत, १८८३. ‘देशेर कथा’ लिहिणारे सखाराम गणेश देउस्कर हे त्यांचे मामा. म्हणजे एक मराठी घर, त्यातला मामा बंगालीत लिहितो आणि भाचा हिंदीत. कलकत्त्याच्या हिंदी पत्रांत काम करताना क्रांतिकारकांशी संबंध आला आणि १९१६ साली सरकारने त्यांना स्थानबद्ध केले. सुटून आल्यावर ते शिवप्रसाद गुप्तांच्या ‘आज’ या दैनिकात आले. ‘आज’चा पहिला अंक ५ सप्टेंबर १९२०चा. हिंदीत आज रोज वापरले जाणारे ‘राष्ट्रपति’, ‘मुद्रास्फीति’ असे शब्द रूढ करण्याचे श्रेय पराडकरांना दिले जाते. त्यांच्या बरोबरीने लक्ष्मण नारायण गर्दे हेही काशीकर मराठी आणि हिंदीतले नामवंत संपादक.

१९३०च्या कायदेभंगात छापखान्यांवर बंधने आली, तेव्हा काशीतून ‘रणभेरी’ हे गुप्त पत्रक निघू लागले. ते सायक्लोस्टाइलवर निघे. मेणकागदावर टोकदार लेखणीने कोरायचे, शाईचा रूळ फिरवायचा, एका रात्रीत प्रती तयार. यंत्र लहान, पकडले जाण्याआधी दुसऱ्या घरी हलवता येणारे. पराडकर या उद्योगात होते. तिथे नाव छापणे शक्यच नव्हते, पण सापडल्यास तुरुंग ठरलेला होता, म्हणजे कागदावर नसलेल्या नावाची किंमत माणूस स्वतः मोजणार होता. आज फोनवर फिरणाऱ्या निनावी मजकुराला काही जण भूमिगत पत्रकांची परंपरा जोडतात. मला ते मान्य नाही. जिथे पुढे पाठवणाऱ्याला काहीच गमवावे लागत नाही, ती वेगळी जात आहे.

१९२५ साली वृंदावनच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या वेळी संपादकांसमोर बोलताना पराडकरांनी पुढचे चित्र मांडले होते: पत्रे देखणी होतील, खप वाढेल, भांडवल मोठे लागेल, आणि त्या थाटात संपादकाचे स्वातंत्र्य व पत्राचा प्राण हरवेल. शंभर वर्षे झाली. काशीच्या मैदागिन भागात त्यांच्या नावाचे पराडकर भवन आहे, शहरातले पत्रकार तिथे जमतात. यंत्राचा वेग वाढतो तेव्हा त्यामागच्या माणसाचा अधिकार कमी होतो, हे त्यांनी मेणकागदाच्या काळात ओळखले होते.

शिवप्रसाद गुप्तांची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९१३च्या कराची काँग्रेसहून परतताना ते पुण्यात आले आणि धोंडो केशव कर्व्यांच्या आश्रमात त्यांनी मातीचा, डोंगर-दऱ्या उठावाने दाखवलेला भारताचा नकाशा पाहिला. तो त्यांच्या मनात राहिला. त्यातून काशीचे भारतमाता मंदिर उभे राहिले, संगमरवरी उठावाच्या नकाशाचे. १९३६ साली गांधीजींनी ते खुले केले. विधवा मुलींच्या शाळेतले एक शिकवण्याचे साधन मंदिरातली मूर्ती झाले.

काशीतले सर्वांत जुने ‘संगणक’ मात्र मदनपुरा आणि अलईपुऱ्याच्या विणकर मोहल्ल्यांत सापडतात. लग्नात मराठी नवरीला नेसवला जाणारा बनारसी शालू तिथला. पूर्वी नक्शाबंद कारागीर लाकडी चौकटीवर दोरे बांधून वेलबुट्टीचा नमुना दोऱ्यांतच ‘लिहीत’ असे. दोऱ्यांचा हा नमुना म्हणजे जाला. तो मागावर चढवायचा आणि एक मदतनीस वरून दोरे ओढायचा. फ्रान्समध्ये १८०४ साली जाकार्डने भोकांच्या पत्त्यांचा माग केला. भोक असेल तर दोरा उचलला जाईल, नसेल तर नाही. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच युक्ती घेतली, आणि १८९०च्या अमेरिकी जनगणनेत हॉलेरिथची यंत्रे भोकांच्या पत्त्यांवरच चालली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत जाकार्ड बनारसला आला. नक्शाबंदाचा जाला जाऊन आलेखकागदावरचा नक्शा आणि पुठ्ठ्याचे पत्ते आले. आता पत्त्यांची जागाही संगणकावर काढलेला नमुना घेऊ लागला आहे.

इथे गमावले काय, ते नीट बघायला हवे. जाला कोणाच्या हातचा, हे मोहल्ल्याला माहीत असे. संगणकातला नमुना फोनवरून क्षणात सुरतेला जातो आणि यंत्रमागावर कृत्रिम धाग्यात उतरतो. २००९ साली बनारसी वस्त्राला भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणजे गावाचे नाव राखले गेले. विणणाऱ्याचे नाव त्यात येत नाही. दादरच्या दुकानात शालू घेताना आपण ‘खरा बनारसी ना?’ एवढेच विचारतो. कोणी विणला, हा प्रश्न आपल्याला सुचतच नाही, आणि याची खंत वाटली पाहिजे.

रेल्वेबद्दल थोडक्यात. १८७०मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला, १८८७मध्ये राजघाटचा डफरिन पूल झाला, आणि महिनोन्महिने चालणारी काशीयात्रा दिवसांवर आली. परतल्यावरचे मावंदे तेवढे राहिले. त्या यात्रेत मराठी माणूस क्षेत्रोपाध्यांकडे उतरे आणि त्यांच्या वहीत आपले नाव, गाव, मुलेबाळे लिहून सही करी. पुढच्या पिढीला आजोबांचे अक्षर तिथे बघायला मिळे. आता राहण्याची खोली फोनवर ठरते, सुगम दर्शन घरबसल्या आरक्षित होते, व्हिडिओ कॉलवरून श्राद्ध करून देण्याच्या जाहिराती दिसतात. म्हाताऱ्या, आजारी माणसांची त्यामुळे मोठी सोय झाली आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण वहीत सही करायला हातच तिथे न्यावा लागतो. उत्तरेतल्या तीर्थपुरोहितांच्या अशा वह्यांची मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या उटाहच्या वंशावळ संस्थेने पूर्वीच करून घेतली. मराठी घराण्यांच्या काशीतल्या वह्यांची चिंता कोणी करायची?

भाषेचा अडसर मात्र यंत्र खरोखर कमी करते आहे. १७ डिसेंबर २०२३ रोजी काशीच्या नमो घाटावर काशी तमिळ संगमम् भरला, तेव्हा पंतप्रधानांचे हिंदी भाषण ‘भाषिणी’ या सरकारी यंत्रणेने तिथल्या तिथे तमिळमध्ये ऐकवले. बनारस हिंदू विद्यापीठात शिकणाऱ्या, इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलांना उद्या याचा केवढा उपयोग होईल! आनंदाने स्वीकारावे असे हे साधन आहे. फक्त भाषांतर चुकले तर चूक कोणाच्या नावावर मांडायची, याची सोय आत्ताच करून ठेवायला हवी. बापूदेवांनी परकी कोष्टके घेतली, पण त्यांवरून केलेल्या पंचांगावर नाव स्वतःचे घातले.

बापूदेवांची पाठशाळा आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय आहे. तिच्या सरस्वती भवन ग्रंथालयात लाखाच्या आसपास हस्तलिखिते आहेत, आणि देशभरातल्या हस्तलिखितांचे डिजिटलीकरण करण्यासाठी केंद्र सरकारने २०२५च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञानभारतम्’ची घोषणा केली. स्कॅनर पानाचे उत्तम छायाचित्र घेतो, पण ते पान कशाचे आहे, कोणत्या लिपीत आहे, कोणत्या पोथीतून निसटले आहे, हे सूचीत लिहायला जाणकार लागतो. काशीतल्या मराठी घराण्यांचे, पेशवे-शिंदे-होळकर-भोसल्यांच्या दानधर्माचे मोडी कागद तर आणखी वेगळे. मोडी ओळखायला संगणकाला शिकवायचे झाले, तर आधी हजारो ओळी कोणीतरी बिनचूक वाचून द्याव्या लागतील, आणि संगणकाने वाचलेले कोणीतरी पुन्हा तपासावे लागेल. त्या कामासाठी मोडी शिकलेली तरुण मुले पुण्या-मुंबईतून, नागपुरातून काशीला वर्ष-दोन वर्षांसाठी पाठवता येतील. त्यांना पगार द्यावा, आणि त्यांनी तपासलेल्या प्रत्येक कागदाच्या नोंदीत त्यांचे नाव छापावे.