विश्लेषण : राजा गरोदर राहिला तर ‘ही’ म्हणायचे की ‘शी’?

इंग्रजीत एका व्यक्तीसाठी नेहमीची सर्वनामे दोनच, ‘ही’ आणि ‘शी’. ‘इट’ वस्तूंसाठी. मग एखादे पात्र स्त्रीही नसेल आणि पुरुषही नसेल, तर काय वापरायचे? विज्ञानकथाकारांना अर्धशतक छळणारा हा प्रश्न आता बातम्या आणि कार्यालयीन ईमेलमध्येही येतो.

ल ग्विन यांनी मत का बदलले?

अमेरिकी लेखिका अर्सुला के. ल ग्विन यांची ‘द लेफ्ट हॅण्ड ऑफ डार्कनेस’ ही कादंबरी १९६९ ची. त्यातील गेथेन ग्रहावरची माणसे महिन्यातले बहुतेक दिवस लिंगविरहित असतात. उरलेल्या दिवसांत कोणीही स्त्री होऊ शकते किंवा पुरुष. एकच व्यक्ती एका मुलाची आई, तर दुसऱ्याचा बाप असते. या सर्वांसाठी त्यांनी ‘ही’ वापरले. राजा गरोदर असल्याचे कळते तेव्हा वाचक चमकतो खरा, पण एरवी पानोपानी ‘ही’ वाचून डोळ्यांपुढे पुरुषच उभे राहतात. त्यावर टीका झाली. नवे सर्वनाम घडवून इंग्रजीची मोडतोड करायची नव्हती, असा बचाव त्यांनी १९७६ च्या निबंधात केला. १९८७ मध्ये त्याच निबंधाला टिपा जोडून तो मागेही घेतला. त्याआधी, १९७५ च्या कथासंग्रहात, याच ग्रहावरच्या ‘विंटर्स किंग’ या कथेत त्यांनी सर्वांना ‘शी’ केले; उपाधी मात्र ‘किंग’च ठेवली. आपले चुकले, हे छापून सांगणारे लेखक थोडेच.

पुढच्या लेखकांनी काय केले?

अ‍ॅन लेकी यांनी ‘अ‍ॅन्सिलरी जस्टिस’मध्ये (२०१३) सरसकट ‘शी’ वापरले. कोण पुरुष, कोण स्त्री हे बहुतेकदा कळत नाही आणि काही पानांनंतर वाचक ते शोधणे सोडून देतो. मार्था वेल्स यांचा अर्धयंत्र ‘मर्डरबॉट’ (२०१७) मात्र ‘इट’ आहे. माणसाला ‘इट’ म्हणणे हा अपमान. इथे ते पात्राला शोभते.

एकवचनी ‘दे’ अशुद्ध आहे का?

नाही. कोणाची तरी छत्री राहिली, तर इंग्रज माणूस सहज ‘देअर’ छत्री म्हणतो. ऑक्सफर्ड कोशाने असा वापर १३७५ पर्यंत मागे नेला आहे. ‘यू’सुद्धा मुळात अनेकवचनीच होते. ‘ही’मध्ये स्त्रिया आल्याच, हे ब्रिटिश संसदेने १८५० मध्ये कायद्याच्या अर्थापुरते ठरवले होते. एकोणिसाव्या शतकात घडवलेले ‘थॉन’ हे सर्वनाम शब्दकोशापर्यंत पोहोचले, बोलण्यात रुजले नाही. ‘दे’ आधीच तोंडात होते, म्हणून टिकले. असोसिएटेड प्रेसने २०१७ मध्ये त्याला मर्यादित मुभा दिली. मेरियम-वेबस्टरने २०१९ मध्ये, स्वतःला स्त्री वा पुरुष न मानणाऱ्या व्यक्तीसाठीचा त्याचा अर्थ कोशात घेतला. कथेत अडचण एकच: ‘दे’ आत आले, म्हणजे एक जण की चौघे?

मराठीत हे कसे आणायचे?

‘त्यांनी सांगितले’ म्हटले की लिंग झाकले जाते. ‘ते आले’ की ‘त्या आल्या’, इथे ते उघडे पडते. आपली अडचण सर्वनामापेक्षा क्रियापदात जास्त आहे. मर्डरबॉट स्वतःची गोष्ट स्वतःच सांगतो आणि इंग्रजीत ‘आय’ म्हणून सुटतो. मराठी अनुवादकाला ‘मी दार उघडले’ इथवर चिंता नाही. पुढच्याच वाक्यात ‘मी आत गेलो’ की ‘मी आत गेले’, हे ठरवावे लागते.