खेळाडूची शिदोरी

प्रेषित पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांत शर्यतीचा दृष्टांत घेतला आहे. त्या शहराजवळ इस्थमियाचे सामने दर दोन वर्षांनीं भरत असत. स्पर्धक सर्व बाबतींत संयम पाळतो, असा त्या दृष्टांताचा आशय आहे. आहार ही त्यांतलीच एक बाब होय. परंतु खेळाडूचा संयम म्हणजे उपास नव्हे, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

भाकरी किंवा भात यांतील पिष्टाची पचनानंतर साखर होते. तिचा कांहीं भाग यकृतांत व स्नायूंत सांठविला जातो, आणि वेगानें धावतांना स्नायू मुख्यतः हाच सांठा खर्च करितात. रात्रभरांत यकृतांतील सांठा बराच घटतो. तो न भरतां जो लांब पल्ल्याच्या शर्यतीस उतरतो, त्याचे पाय लौकर जड होतात.

इ. स. १९२४ मध्यें बॉस्टन येथील मॅरेथॉन शर्यतीनंतर डॉक्टरांनीं कांहीं धावकांचें रक्त तपासलें. जे अगदीं गळून गेले होते, त्यांच्या रक्तांत साखर फार कमी आढळली. पुढील वर्षीं कांहीं धावकांस शर्यतीपूर्वीं पिष्टमय अन्न व धावतांना मिठाई देण्यांत आली. तेव्हां त्यांची साखर टिकली व थकवाही कमी दिसला.

यासाठीं महागडे डबे नकोत. ज्वारीची अगर बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी, भुईमुगाचे दाणे, दूध व केळें एवढें पुरे. डाळ, दूध व अंडीं यांतील प्रथिनें स्नायूंची झीज भरून काढितात. पोटभर जेवण सामन्यापूर्वीं सुमारें तीन तास व्हावें. नंतर एखादें केळें चालेल. पाणी मात्र वेळोवेळीं प्यावें. शर्यतीच्या सकाळीं खाल्लेल्या चमचाभर ग्लुकोजनें महिन्यांची आबाळ भरून निघत नाहीं.

पालकांस आणखी एक विनंति. वयांत येणाऱ्या मुलीस लोहाची गरज मुलाहून अधिक असते. तथापि कित्येक घरीं तीच सर्वांच्या मागून जेवते व उरेल तें खाते. तिचेंही ताट वेळेवर वाढावें.

मैदानावर मागें पडलेल्या विद्यार्थ्यास आळशी म्हणण्यापूर्वीं, त्यानें सकाळीं काय खाल्लें, हें आपण सर्वांनींच आधीं विचारावें.