मुकादमास कोण शिकविणार ?

कामावर देखरेख करणारा माणूस आपण कसा निवडतों, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे. चांगल्या सुताराचा मिस्त्री होतो, जुन्या कारकुनाचा हेडक्लार्क होतो. हातांतील कसब पाहून बढती मिळते. परंतु दहा माणसांकडून काम कसें करवून घ्यावें, हें निराळें कसब त्यास कोणीं शिकविलेलें नसतें. आमच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांत या उणिवेचें ठळक उदाहरण म्हणजे ऊसतोडीचा मुकादम.

प्रवरा सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ सालीं लोणी येथें झाला. पुढें जिल्ह्यांत अनेक कारखाने निघाले. दसरा-दिवाळी झाली कीं पाथर्डी-शेवगांवकडील व बीडकडील कुटुंबें तोडीस निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. असे कोयते जमवून मुकादम टोळी उभारतो, आणि हंगामापूर्वींच प्रत्येक जोडीस उचल देतो. ती उचल मग कामांतून फिटावयाची. तोडलेला ऊस शिळा झाला कीं त्यांतील साखर घटते, म्हणून तो एका दिवसांत गव्हाणींत पडावा अशी कारखान्यास घाई असते. गाडी मध्यरात्रीं आली तरी भरावी लागते. एकीकडे चिटबॉय व शेतकी खातें, दुसरीकडे थकलेलीं माणसें, आणि मध्यें मुकादम !

टोळी त्याचें ऐकते तें कां ? पुष्कळदां केवळ उचलीमुळें. अंगावरील देण्यापोटीं मिळणाऱ्या आज्ञाधारकपणास मी तरी पुढारीपण म्हणणार नाहीं. एक दिवस काम चुकलें तर ‘खाडा’ धरून पैसे कापण्याची चाल अनेक टोळ्यांत आहे. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची सरकारी समितीनें चौकशी केली, तेव्हां या खाड्याच्या भीतीची चर्चा शहरांतहि पोहोंचली. मात्र सगळा दोष मुकादमावर टाकणें सोपें आहे. एखादी जोडी उचल घेऊन पळाली, तर बुडतो तोच.

मुंबईच्या गिरण्यांत जॉबरचें असेंच होतें. भरती त्याच्या हातीं, म्हणून दस्तुरीहि त्याच्याच हातीं. मजूरविषयक रॉयल कमिशननें १९३१ सालीं भरतीचा अधिकार त्याजकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावा, अशी शिफारस केली. परंतु अधिकार काढल्यानें माणूस शहाणा होत नाहीं.

तें शहाणपण शिकवितां येतें, हें अमेरिकेनें दुसऱ्या महायुद्धांत दाखविलें. कारखाने नवशिक्यांनीं भरले, तेव्हां १९४० ते १९४५ या काळांत सोळा लाखांहून अधिक देखरेख करणाऱ्यांस दहा-दहा तासांचे अभ्यासक्रम देण्यांत आले. शिकणाऱ्याची भीति आधीं घालवावी. मग काम करून दाखवावें. नंतर त्याजकडून करवून घ्यावें. व पुढें अधूनमधून पाहून यावें. चांगलें काम झालें तर तसें सांगावें. ज्या बदलाची झळ माणसास लागणार, तो त्यास आगाऊ कळवावा. तंटा उठला तर सगळी हकीकत कळेपर्यंत निवाडा देऊं नये. आम्हां शाळामास्तरांस यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. पण जपाननें युद्धानंतर हेंच शिक्षण उचलून आपल्या कारखान्यांत रुजविलें.

मुकादमास हें सहज लागू पडतें. उद्यां फड बदलणार असेल, तर तें आज संध्याकाळींच कोपीवर सांगावें. बायांना पहांटे भाकरी थापून निघावयाचें असतें. ऊस जमिनीलगत तोडावयाचा, कारण बुडख्याकडे साखर अधिक, हें नव्या जोडीस कोयता हातीं घेऊन दाखवावें. वजनाच्या पावत्या टोळीपुढें वाचाव्या. तापानें निजलेल्या बाईचा खाडा धरूं नये.

मुकादम करारासाठीं कारखान्यावर येतोच. त्याच मुक्कामांत दोन-दोन तासांचे पांच पाठ बसतात. खर्च कारखान्यानें सोसावा. शिकविण्यास गांवोगांवचे निवृत्त शिक्षक मिळतील. शेवटचा पाठ पावत्या वाचण्याचा असावा, आणि त्या पाठास टोळींतील एखाद्या बाईसहि बसवावें.