गार्नेट : अंगच्या रंगाचा खडा

लाल गार्नेटच्या पुडीवर ‘नैसर्गिक, कोणतीही प्रक्रिया न केलेला’ असं लिहिलेलं दिसलं, की गिऱ्हाईक त्या शब्दांसाठी दोन पैसे जास्त मोजायला तयार होतं. लिहिलेलं बहुतेक वेळा खरंच असतं. पण माणिक किंवा नीलम घेताना त्या शब्दांना जे मोल आहे, ते गार्नेट घेताना नाही. गार्नेट बाजारात येतं तेच मुळी प्रक्रियेशिवाय. असं का, हे कळलं की या खड्यात काय पाहायचं तेही आपोआप कळतं.

एक नाव, मोठं कुटुंब

गार्नेट हा सिलिकेट खनिजांचा एक गट आहे. सगळ्यांच्या स्फटिकाची चौकट एकच, फक्त त्या चौकटीतल्या जागा कोणत्या मूलद्रव्यांनी भरल्या यावर प्रकार ठरतो. लोह आणि ॲल्युमिनियम असेल तर अल्मंडाइन, म्हणजे जांभळट लाल. लोहाच्या जागी मॅग्नेशियम आलं तर पायरोप, मँगनीज आलं तर नारिंगी स्पेसर्टाइन, कॅल्शियम आलं तर ग्रॉसुलर. आपल्या नवरत्नांतला गोमेद म्हणजे याच ग्रॉसुलरची मधासारखी, तांबूस छटेची जात. तिला हेसोनाइट म्हणतात. हिरवंगार त्सावोराइट हेही ग्रॉसुलरच. ते 1967 साली टांझानियात कॅम्बेल ब्रिजेस या भूवैज्ञानिकाला सापडलं आणि पुढे केनियातही मिळालं.

निसर्गात यातला एकच प्रकार शुद्ध स्वरूपात क्वचितच मिळतो. पायरोप आणि अल्मंडाइनच्या मिश्रणातून गुलाबी-जांभळं रोडोलाइट तयार होतं, आणि माझ्या मते लाल गार्नेटमध्ये सर्वांत देखणं तेच.

बहुतेक लाल गार्नेट रूपांतरित खडकांत, विशेषतः अभ्रकाच्या शिस्टमध्ये वाढतं. खडक फोडल्यावर बारा समभुज तोंडांचा दाणा कुणी मुद्दाम घडवल्यासारखा बाहेर येतो. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमध्ये मात्र तो शोधू नये. तिथल्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक मिळतात, गार्नेट नाही.

रंगाला कुणी हात का लावत नाही

माणिक आणि नीलम ही दोन्ही रत्नं मुळात कोरंडम या रंगहीन खनिजाची. त्यात क्रोमियमचा किंचित अंश आला की माणिक, लोह आणि टायटॅनियमचा आला की निळा नीलम. हा अंश इतका थोडा असतो की भट्टीत तापवून त्याची अवस्था बदलता येते. आतले रुटाइलचे बारीक तंतू विरघळवून खडा स्वच्छही करता येतो. म्हणून बाजारातलं बरंचसं माणिक आणि नीलम तापवलेलं असतं. पाचूच्या चिरांत तेल मुरवतात. हलक्या माणकाच्या चिरांत तर शिसेयुक्त काच भरतात आणि असा खडा सोनाराच्या साध्या आम्लातही खराब होतो.

लाल आणि नारिंगी गार्नेटचं तसं नाही. त्याचा रंग ज्या लोहामुळे किंवा मँगनीजमुळे येतो, ते त्या खनिजाच्या घडणीतच असतं. तापवून ते बाहेर काढता येत नाही आणि रंगही खुलत नाही. त्यामुळे व्यापाऱ्याला प्रक्रियेतून काहीच मिळत नाही. अपवाद आहेत, पण मोजके. डिमँटॉइड नावाचं हिरवं गार्नेट, विशेषतः रशियातलं, कधीकधी हलकं तापवलेलं असतं, आणि क्वचित एखाद्या खड्याच्या चिरा भरलेल्या आढळतात.

खरी अडचण काळोखाची

अल्मंडाइनचा रंग इतका गडद असतो की खडा जाड राहिला तर उजेड आत शिरतो आणि तिथेच संपतो. तो बोटात काळाच दिसतो. या दोषावर कारागिरांनी फार जुन्या काळी तोड काढली होती. 1939 मध्ये इंग्लंडमधल्या सटन हू इथे सातव्या शतकातलं एक जहाज-दफन उघडलं गेलं. त्यातल्या सोन्याच्या दागिन्यांत गार्नेटचे पातळ काप कोंदणात बसवलेले आहेत आणि त्यांच्या खाली बारीक चौकड्या उठवलेला सोन्याचा पत्रा आहे. उजेड कापातून आत जातो, पत्र्यावर आपटून परत येतो आणि लाल रंग पेटतो. मला तरी गार्नेटचं याहून सुंदर काम ठाऊक नाही.

या कथेत आपल्या मातीचाही वाटा आहे. पाचव्या-सहाव्या शतकांतल्या युरोपीय दागिन्यांतल्या गार्नेटचं रासायनिक विश्लेषण झालं, तेव्हा त्यातलं पुष्कळसं भारत आणि श्रीलंकेतून गेलेलं असल्याचं दिसलं. राजस्थानात टोंक जिल्ह्यातलं राजमहल हे अल्मंडाइनचं जुनं नाव. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू या प्राचीन बंदरात मिळालेल्या गार्नेटच्या मण्यांचा माग तर अभ्यासकांनी तेलंगणातल्या गरीबपेटपर्यंत नेला आहे.

आजही गडद खडा घुमटाकार घडवला, तर कुशल कारागीर त्याची पाठ आतून कोरून पातळ करतो. पैलू पाडलेला असेल तर त्याची खोली कमी ठेवतो.

दहापट भिंगातून

गार्नेटची नैसर्गिकता चिठ्ठीपेक्षा भिंगाखाली जास्त खात्रीने दिसते. अल्मंडाइनमध्ये सुईसारखे तंतू ठरावीक कोनांत एकमेकांना छेदताना दिसतात. ते दाट असतील आणि खडा घुमटाकार घडवला असेल, तर एकाच दिव्याखाली त्यावर चार किंवा सहा किरणांचा तारा उमटतो. असे तारांकित खडे भारतात आणि अमेरिकेच्या आयडाहो राज्यात मिळतात. डिमँटॉइडमध्ये घोड्याच्या शेपटीसारखे बाकदार तंतू असतात. त्याचं प्रकाश रंगांत फोडण्याचं प्रमाण 0.057 आहे, हिऱ्याचं 0.044. म्हणूनच पैलूंतून उठणाऱ्या रंगीत ठिणग्यांत हा खडा हिऱ्यालाही मागे टाकतो.

गोमेदाच्या पोटात पाहिलं तर सगळं हलल्यासारखं, गरम पाकात पाणी घातल्यावर धारा फिरतात तसं दिसतं. गिऱ्हाईक याला दोष समजून खडा परत करतं. वास्तविक ती गोमेदाची ओळखखूण आहे. अगदी नितळ, वर आत गोल बुडबुडे असलेला ‘गोमेद’ दिसला तर काचेचा संशय घ्यावा. राहूसाठी गोमेद घालणाऱ्यांनी तर हे आवर्जून तपासावं.

घेताना आणि वापरताना

खडा दुकानातल्या दिव्यांखाली पसंत करू नका. दारापाशी उजेडात न्या, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि हलवून पाहा. लाल रंग मोकळा दिसला पाहिजे. मधोमध काळा डोह दिसला तर तो खडा बाजूला ठेवा. घरी एक साधी चाचणी करता येते. थर्मोकोलच्या तुकड्यावर सुटा खडा ठेवून तो पाण्यावर तरंगवा आणि जोरदार निओडिमियम चुंबक जवळ आणा. लाल किंवा नारिंगी गार्नेट सहसा चुंबकाकडे सरकतं. माणिक आणि साधी लाल काच जागची हलत नाही. त्सावोराइट किंवा डिमँटॉइडसारखा महाग खडा मात्र प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नये. लहान लाल गार्नेटसाठी त्या खर्चाची गरज नाही.

गार्नेटची कठीणता साधारण 6.5 ते 7.5. घरातल्या धुळीत असणारी गारही 7 कठीणतेची, म्हणून धूळ बसलेला खडा कोरड्या फडक्याने पुसला तर हळूहळू पैलूंच्या कडा बोथट होतात. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. वाफेच्या यंत्रात खडा देऊ नका आणि अंगठी डागायला देताना तो आधी काढून घ्यायला सांगा. एकदम बसलेल्या आचेने त्याला तडा जातो.

लाल खड्याची हौस असेल आणि खिसा बेताचा असेल, तर काच भरलेल्या माणकाच्या मागे लागू नका. त्याच पैशात मोकळ्या रंगाचं, चांगल्या घडणीचं गार्नेट घ्या.