पडद्यावरचा फुटबॉल, अकरा वेगळी डोकी

मे १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह याला हरवले. त्याच वर्षी जपानच्या नागोया शहरात पहिली रोबोकप स्पर्धा झाली. तिच्या एका गटात लोखंडी रोबो नव्हतेच. संगणकाच्या पडद्यावर अकरा विरुद्ध अकरा असा फुटबॉल रंगला. जर्मनीच्या हम्बोल्ट विद्यापीठाचा संघ जिंकला.

बुद्धिबळात सारा पट समोर असतो. इथे प्रत्येक खेळाडू म्हणजे एक स्वतंत्र प्रोग्राम. त्याला मैदानाचा थोडाच भाग दिसतो, तोही अंधुक. धावल्यावर दमही लागतो. दर सेकंदाला दहा वेळा काय करायचे ते ठरवायचे, आणि बाहेरून माणसाने ढवळाढवळ करायची नाही. सोबत्याला निरोप देता येतो, पण मोजक्या अक्षरांत. त्यामुळे कोणी कुठे उभे राहायचे, सुटलेली जागा कोणी भरायची, याचा मशवरा सामन्याआधीच करून ठेवावा लागतो.

आम्हा शिक्षकांना हेच मोलाचे वाटते. मुलांना आपण एकट्याने पहिला नंबर काढायला शिकवतो. सोबत्यावर भरवसा ठेवायला कधी शिकवणार? या खेळाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते, महागडा रोबो लागत नाही. कॉलेजात संगणक शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी चार दोस्त जमवून संघ जरूर बांधावा.